ऑर्गन वाजला तेव्हा

सभागृहाच्या पायऱ्यांवर लांबलचक रांग लागली होती आणि रांगेत नवरा तिच्या पुढे उभा होता, तेव्हा मागून कुणीतरी "अहो वहिनी!" अशी खणखणीत हाक मारली. हाक मारणारे गृहस्थ नवऱ्याच्या कंपनीतले स्टोअरकीपर. कंपनी पाण्याचे पंप बनवायची आणि त्या पंपांचे सुटे भाग ज्या गोदामात असत, त्याच्या किल्ल्या या गृहस्थांकडे. माणूस मनमोकळा, पोटात काही न राहणारा. दोन-चार जणांना बाजूला सारत ते तिच्यापर्यंत आले आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्याशिवाय आम्हाला काही करमायचं नाही हं. पण काही म्हणा, बढती ती बढती! आणि गावही छान आहे. माझी मेहुणी असते ना तिथं. पाणी चोवीस तास!" ती हसली. समोरचा माणूस हसत असला की आपणही हसायचं, एवढ्याच सवयीनं हसली. "निघणार कधी?" त्यांनी विचारलं. "अजून ठरायचंय," ती म्हणाली, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं. "ठरायचं काय त्यात? पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय साहेबांना!" असं म्हणून ते तिच्या खांद्यावरून नवऱ्याकडे बघत मनापासून हसले. नवरा वळला नाही. त्याची पाठ तेवढी तिला दिसत होती; आणि पाठी बघण्यात तिचा जन्म गेला होता. ती इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. नवऱ्याच्या मानेखालपासून दोन्ही फऱ्यांमधला भाग आखडत गेला, खांदे कानांकडे सरकले आणि ते तसेच राहिले. चोर पकडला गेला की त्याची पाठ अशी होत असेल, असं तिला वाटलं. मग दारं उघडली आणि मागच्या लोंढ्यानं दोघांनाही आत ढकललं.

आत जागा मिळवण्याची घाई. कार्यक्रम फुकट, त्यामुळे खुर्चीवर ज्याचा रुमाल त्याची खुर्ची. नवरा एरवी अशा ठिकाणी मागं मागं राहणारा, पण आज भलताच चपळ झाला. मधल्या भागातल्या दोन चांगल्या खुर्च्या त्यानं पटकावल्या, तिच्या खुर्चीवरची धूळ हातानं झटकली आणि "बस, इथून तुझा ऑर्गन समोर दिसतो," म्हणाला. तुझा ऑर्गन. खरंच दिसत होता. व्यासपीठाच्या मागची अख्खी भिंत त्यानं व्यापली होती. करंगळीएवढ्या नळ्यांपासून दोन मजले उंच नळ्यांपर्यंत, ओळीनं उभ्या. "एवढ्या नळ्या आणि पाणी एकीलाही नाही," तो म्हणाला आणि तिच्याकडे बघून हसला. हा विनोद त्यानं घरूनच तयार करून आणला असणार. ती हसली नाही. "ते काय म्हणत होते?" तिनं विचारलं. "कोण?" "तुला माहीत आहे कोण." तो प्रोग्रॅमचा कागद चाळू लागला. "अगं, मी सांगणारच होतो. आज घरी गेल्यावर निवांत सांगायचं असं ठरवलं होतं." "म्हणजे खरं आहे?" तेवढ्यात दिवे मंद झाले, टाळ्या सुरू झाल्या आणि तिच्या डाव्या हाताला बसलेल्या मफलरवाल्या म्हाताऱ्यानं तोंडावर बोट ठेवून "श्श्!" केलं. तिला ते बोट मोडून त्याच्या हातात द्यावंसं वाटलं. पण वाद्यवृंदाचा संचालक व्यासपीठावर येऊन उभा राहिला होता, त्यानं हात उचलले होते आणि त्या हातांनी हजारभर माणसं एकदम गप्प झाली. त्यात तीही.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आज रशियन संगीतकारांच्या तीन रचना होणार होत्या आणि तिसरीत ऑर्गन वाजणार होता. पहिली सुरू झाली. खालच्या पट्टीतली तंतुवाद्यं एकमेकांना धरून हळूहळू चढू लागली. काहीतरी फार मोठं आणि फार दुःखी सांगितलं जात होतं, हे तिला कळत होतं, पण तिच्यापर्यंत ते पोचत नव्हतं. पलीकडच्या खोलीत कुणीतरी रडतंय आणि मधलं दार बंद आहे, तसं. दाराच्या अलीकडे स्टोअरकीपरचा आवाज होता. पाणी चोवीस तास. त्यांना माहीत होतं. त्यांच्या मेहुणीला माहीत असणार. गोदामातल्या नटबोल्टांनाही माहीत असेल. ती व्यासपीठाकडे बघत राहिली आणि डोळे सवयीनं आपलं काम करू लागले. दुसऱ्या ओळीतल्या व्हायोलिनवालीचा उजवा खांदा चढलेला आहे, रात्री तो दुखत असणार. ढोलांमागचा माणूस एका पायावर भार टाकून उभा आहे. आणि उजव्या हाताला बसलेला हा माणूस, ज्याच्याबरोबर तिनं उभा जन्म काढला, तो खुर्चीच्या दांडीवर बोटांनी ताल धरतोय. चुकीचा ताल. त्याला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि त्यानं ते कधी लपवलंही नव्हतं. 'फुकट ते पौष्टिक' असं म्हणून तो लग्नकार्यातली सनईसुद्धा जेवण होईपर्यंतच ऐकायचा. मग गेल्या आठवड्यात त्यानं आपणहून का सांगितलं, की रविवारी तुझा तो ऑर्गन वाजणार आहे, आपण जाऊ? तिला केवढं बरं वाटलं होतं! आपण कधी काय बोलतो ते या माणसाच्या लक्षात राहतं तर, असं वाटून भाजी चिरता चिरता तिचे डोळे भरून आले होते. शर्टला त्यानं स्वतः इस्त्री केली होती. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! पण भांडं लपवताना त्यानं इस्त्रीही केली होती, आणि हेच तिला सहन होत नव्हतं. तो दुष्ट असता तर किती सोपं झालं असतं.

ऑर्गनचं वेड तिला शिंप्यानं लावलं. हा शिंपी तिच्याकडे इस्पितळात येत असे. झटका येऊन त्याचं उजवं अंग गेलं होतं आणि बोलणं जड झालं होतं. तिच्या खोलीच्या खिडकीतून या सभागृहाचं छप्पर दिसतं. एकदा त्याचा लुळा पंजा हातात धरून ती एकेक बोट उलगडत होती, तेव्हा तो छपराकडे बघत तोंडातल्या तोंडात म्हणाला, की लहानपणी त्यानं तो ऑर्गन ऐकलाय. पुढं तो बिघडला तो बिघडलाच. "कसा वाजायचा?" तिनं विचारलं, बोलता ठेवायचा म्हणून. शिंप्यानं बराच वेळ शब्द जुळवले. "कानानं नाही, बाई," तो म्हणाला. "बुडाखालून येतो." आणि दोघंही हसले, त्याचं अर्धंच तोंड हसलं, पण हसलं. तेव्हापासून बसमधून जाता-येता ती या इमारतीकडे बघू लागली. भिंतीआड एवढं मोठं जनावर मुकं होऊन उभं आहे आणि शहर त्याच्या शेजारून बिनधास्त ये-जा करतंय, याचं तिला नवल वाटायचं. मग दुरुस्ती सुरू झाल्याची बातमी आली, रखडल्याची आली, पुन्हा सुरू झाल्याची आली. ती घरी सांगायची. नवरा जेवता जेवता हूं म्हणायचा. शिंपी आता बटण धरू शकत होता. धरलेलं बटण काजातून घालायचं अजून बाकी होतं. गेल्या खेपेला त्यानं तीनदा प्रयत्न केला, बटण खाली पडलं, आणि तो चिडून रडला. ती म्हणाली, "पुढच्या वेळी." पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय साहेबांना.

टाळ्या झाल्या. पहिली रचना संपली होती. ती त्याच्याकडे वळली, पण लगेच दुसरी सुरू झाली. म्हाताऱ्यानं पुन्हा बोट उचललं आणि मग खिशातून पेपरमिंट काढून त्याचा कागद इतका सावकाश, इतका कुरकुरत सोडला की पुढच्या रांगेनं मान वळवून तिच्याकडे रागानं पाहिलं. तिनं काही केलं नव्हतं. तिनं कधीच काही केलं नव्हतं. पहिली बदली झाली तेव्हा ती अपंग मुलांच्या शाळेत नोकरी करत होती. एक मुलगी भिंत धरून चालायला लागली होती. भिंत सोडून चालताना तिला बघायला ती थांबली नाही. लेक तान्ही होती, तेव्हा चालवून घेतलं. दुसऱ्या गावात तिनं घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचा दवाखाना काढला. रुग्णांना धरून चालता यावं म्हणून लोहाराकडून दोन समांतर दांड्या करून घेतल्या, त्यांना स्वतःच्या हातानं रंग दिला. लोक यायला लागले आणि बदली आली. दांड्या जमिनीत पक्क्या बसवलेल्या, त्या काही निघेनात. पुढच्या भाडेकरणीनं त्यावर कपडे वाळत घातले. निरोप घ्यायला गेली तेव्हा तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं, एका दांडीवर चादर, दुसरीवर लंगोट. नवरा तेव्हा म्हणाला होता, "आपलं काय, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर!" सगळे हसले होते, तीही हसली होती. बिऱ्हाड पाठीवर खरं, पण पाठ दर वेळी कुणाची? तो पुढं जाऊन हजर व्हायचा. मागं राहून कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, लेकीच्या शाळेचा दाखला काढायचा, गॅस परत करायचा, शेजारणींच्या गळ्यात पडून रडायचं, हे सगळं तिच्या पाठीवर. इथं आल्यावर मात्र तिनं मनाशी ठरवलं होतं, की आता पुरे. ठरवलं होतं, पण मोठ्यानं म्हटलं नव्हतं. त्याला न सांगता कळावं असं वाटलं होतं. माणूस इतकी वर्षं शेजारी झोपतो, त्याला एवढं कळू नये? बासऱ्यांनी एक लांब, थंड स्वर धरला होता आणि तो काही केल्या सोडत नव्हत्या. तिला वाटलं, उठावं आणि ओरडावं. हजार माणसं, आणि ओरडण्याचा अधिकार फक्त त्या पितळी कर्ण्यांना.

मध्यंतरात बाहेरच्या दालनात चहा होता. तो दोन पेले घेऊन आला. तिच्या चहात साखर कमी, हेही त्याच्या लक्षात होतं. खांबाच्या आडोशाला ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"बोल."

"इथं नको. घरी जाऊन बोलू."

"इथंच बोल. रांगेतल्या माणसांनी मला सांगायचं आणि तू घरी जाऊन बोलणार?"

"हळू. लोक बघतायत." त्यानं चहाचा घोट घेतला, तोंड भाजलं, तरी गिळला. "हे बघ, पंधरवड्यापूर्वी विचारलं मला. मोठी जागा आहे. निवृत्तीच्या आधी अशी संधी पुन्हा यायची नाही. तिथंही इस्पितळं आहेत. तुला कुठंही काम मिळेल, तू काय..."

"तू हो म्हणालास?"

"अगं, त्यांना लगेच उत्तर..."

"हो म्हणालास की नाही?"

"म्हणालो."

"मला न विचारता."

तो अगदी साधेपणानं, तिची समजूत घालावी तसं म्हणाला, "तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. त्याच्या तोंडाकडे बघत ती थांबली, तो हे मागं घेईल म्हणून. पण त्यानं मागं घेतलं नाही; त्यात मागं घेण्यासारखं काही आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. कुणी शिंकलं की 'सत्य' म्हणावं तितक्या सहज तो बोलला होता. म्हणजे त्याला माहीत होतं. न सांगता कळावं असं तिला वाटत होतं ना, ते त्याला केव्हाच कळलं होतं, आणि कळलं होतं म्हणूनच त्यानं विचारलं नव्हतं. आपला चहाचा पेला तिनं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "म्हणून तू मला गाणं ऐकायला आणलंस," ती म्हणाली. "तुला आवडतं म्हणून आणलं," तो म्हणाला, आणि तेही खरं होतं. तिच्या ओठांवर एकदम इतकी वाक्यं आली की एकही बाहेर पडेना. घंटा झाली. लोक पेले टाकून दारांकडे सरकू लागले. "चल," तो म्हणाला, "तुझा ऑर्गन आता आहे," आणि त्यानं नेहमीसारखा तिच्या पाठीवर हात ठेवला.

आत येऊन बसल्यावर ती वाक्यं लावू लागली. आता घरी पोचेपर्यंत ती पक्की झाली पाहिजेत, एकही निसटता कामा नये. पहिलं वाक्य असं: मी नाही म्हणाले असते, हे तुला माहीत होतं, म्हणजे तू माझं 'नाही' ऐकलंस आणि खिशात घातलंस. नको, खिशात घातलंस नको, तो त्यावर विनोद करेल. त्याच्या विनोदांना जागा राहील असं काही म्हणायचं नाही. शाळेतल्या मुलीचं काढायचं का? काढलं तर तो म्हणेल, तेव्हाच का नाही बोललीस? खरंच, तेव्हाच का नाही बोलले? बोलले नाही कारण तू विचारलं नाहीस. आणि विचारलं असतंस तर? विचारलं असतंस तर मी हो म्हणाले असते, मूर्खा! पहिल्या खेपेला म्हणाले असते, दुसऱ्या खेपेलाही रडत रडत म्हणाले असते. तुझ्या मागं मी आनंदानं आले असते, एकदा विचारायचं तरी! हे वाक्य चांगलं होतं. हे वाक्य तिनं पुन्हा म्हटलं, त्यातले शब्द पुढं-मागं केले, 'मूर्खा' काढून टाकलं, परत घातलं. मग लेकीला फोन करायचा का, लेक कुणाची बाजू घेईल, लेक म्हणेल, आई, बाबांना एकट्याला चहासुद्धा करता येत नाही. मग शिंप्याला दुसऱ्या कुणाकडे सोपवायचं, कसं सांगायचं... आणि एकदम आजूबाजूची माणसं उभी राहिली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मफलरवाला म्हातारा रुमालानं डोळे पुसत होता. नवरा टाळ्या वाजवत तिच्याकडे झुकून म्हणाला, "वा! मानलं बुवा तुझ्या ऑर्गनला!"

ती खुर्चीतच बसून राहिली. ऑर्गन वाजून गेला होता. ती तिथं होती, नळ्या डोळ्यांसमोर होत्या, आणि तिला एक स्वर आठवत नव्हता. नाही म्हणायला, मध्येच कधीतरी डोकं जड झालं होतं आणि आपलीच वाक्यं आपल्याला ऐकू येत नाहीत म्हणून ती आणखी चिडली होती, तोच असणार. तिनं त्याचाही राग केला होता. इतकी वर्षं बसच्या खिडकीतून जे मागितलं, ते येऊन, तिच्या अंगावरून जाऊन, संपलं होतं, आणि तेवढा वेळ ती या माणसाशी भांडत होती. त्याच्याशीही नाही, त्याच्या वाटच्या उत्तरांसकट स्वतःशीच. तिला रडू आलं. नवऱ्यानं ते पाहिलं आणि त्याला ते संगीताचं वाटलं. त्यानं मायेनं तिचा दंड दाबला. "चल, गर्दी व्हायच्या आत निघू," तो म्हणाला.

ती उठली. पाय आपोआप त्याच्या मागं निघाले. पण टाळ्या थांबत नव्हत्या आणि पलीकडून कुणीतरी "पुन्हा! पुन्हा!" ओरडलं. संचालक आत जाऊन परत आला, हसला आणि वर, ऑर्गनसमोर पाठमोऱ्या बसलेल्या बाईकडे बघून त्यानं मान हलवली. वादकांनी कागद मागं उलटले. लोक धपाधप पुन्हा खुर्च्यांत बसले.

"चल ना," नवरा कुजबुजला. तो रांगेच्या टोकापर्यंत पोचला होता.

"मी थांबते," ती म्हणाली.

"अगं, तेच तर पुन्हा वाजवणार आहेत!"

"तू जा. मी थांबते."

म्हाताऱ्यानं या वेळी बोट उचललं नाही. तिच्या खुर्चीवर आलेला मफलर ओढून घेऊन त्यानं तिला बसायला जागा करून दिली. ती बसली. नवरा मधल्या वाटेत उभा, पुढं जावं की मागं यावं हे न कळून, आणि मागून कुणीतरी त्याला "साहेब, बसा की!" म्हणून दटावत होतं. तंतुवाद्यं धावत निघाली, कर्णे उभे राहिले, आणि मग तो आला. आधी खुर्चीच्या लाकडात आला. तिनं टेकलेल्या तळव्यांतून कोपरापर्यंत चढला, मणक्यांच्या तळाशी शिरला आणि एकेक मणका करत वर आला, फासळ्यांत पसरला. एवढ्या मोठ्या आवाजाला इतकं हळुवार कसं होता येतं, हे तिला कळेना. जुळवलेलं एकही वाक्य डोक्यात उरलं नाही. शिंप्यानं सांगितलं ते तंतोतंत खरं होतं, आणि त्याला ते सांगायचं होतं, आणि बटण काजातून जाईल तेव्हा ती तिथं असणार होती. बस्स, एवढंच. सुख वगैरे काही झालं नाही. वाळत टाकलेला कपडा वाऱ्यानं एकदाच फडकावा तसं झालं आणि शेवटचा स्वर आढ्याला जाऊन विरला. फार थोडा वेळ चाललं. तिला आणखी हवं होतं.

तो बाहेर पायऱ्यांखाली उभा होता. ऊन कलत आलं होतं. दोघं बसथांब्याकडे चालू लागली. पाठ केलेली वाक्यं तिनं शोधली, ती नव्हती. म्हणून ती नुसतंच म्हणाली, "मी तिकडे येत नाहीये."

"कधी? पुढच्या महिन्यात?"

"नाही. येतच नाहीये. तू जा. तुझी बढती आहे, तू जा. मी इथं राहते."

तो थबकला. मागून येणारी एक बाई त्याच्यावर आदळली, त्यानं तिची माफी मागितली. "असं रस्त्यात काय ठरवतात?" तो म्हणाला.

"मी विचारलं नाही. सांगितलं."

त्याचा चेहरा पडला. इतका पडला की तिला वाटलं, आता तो बोलेल. ओरडेल, दोष देईल, निदान 'माझं काय' म्हणेल, आणि मग होऊन जाईल एकदाचं. ती भांडणाला कमर कसून उभी राहिली. पण तो भांडला नाही. बस आली, दोघं चढली, दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी जागा मिळाली. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली आणि त्याचं डोकं पुढच्या माणसांच्या डोक्यांमधून तिला दिसत राहिलं. मागचे केस त्यानं आज पाणी लावून बसवले होते, ते आता पुन्हा उभे राहिले होते.

उतरून घराकडे चालताना तो म्हणाला, "फिरतीवर गेलो तेव्हा तिथलं घर मी बघून आलोय. स्वयंपाकघराला मोठी खिडकी आहे. तुला आवडेल म्हणून ते घेतलं."

ती चालत राहिली.

"मला तिथं काय काय लागेल गं?" त्यानं विचारलं. आवाजात कावा नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"एक लहान कुकर ने," ती म्हणाली. "मोठा नको, एकट्याला लागत नाही. दोन पातेली, एक कढई. चहाचं भांडं ने, ते दांडी हलणारं नव्हे, दुसरं. आणि डबे खिडकीच्या बाजूला लाव, हाताशी राहतील." बोलता बोलता ती जिना चढू लागली, आणि हे सगळं आपल्याला इतकं तोंडपाठ आहे, याचाच तिला त्या दिवसातला सगळ्यात मोठा राग आला.